ओठांवर वाचलेला बॉक्सर

आमच्या भिवंडीतल्या नारपोलीत झोप आवाजाने मोडत नाही, आवाज थांबला की मोडते. लूमच्या, म्हणजे यंत्रमागांच्या गल्लीत वाढलेल्या कुणालाही विचारा. खटाखट चालू असेल तर तान्हं मूलसुद्धा गाढ झोपतं, आणि लाइट जाऊन लूम थांबले की सगळी चाळ उठून बसते. मी आता नाशिकला राहते. इथली सोसायटी इतकी शांत आहे की येणारा-जाणारा तिचं कौतुक करतो. मी मात्र माझा खडखडणारा पंखा कित्येक वर्षं दुरुस्त करून घेतला नाही. मेकॅनिक म्हणाला, मॅडम, बेअरिंग गेलंय. म्हटलं, असू दे.

बारावीची परीक्षा संपते आणि आमच्या हॉस्पिटलसमोर पोरापोरींचे घोळके दिसायला लागतात. पाठीवर दप्तर नाही, पायांत घाई नाही, उसाच्या रसाच्या गाडीवर उगाच रेंगाळत उभे. त्यांना बघितलं की दरवर्षी माझा तो उन्हाळा परत येतो. दोन हजार साल उलटून काही वर्षं झाली होती. माझी बारावी नुकतीच संपली होती. आई थंडीत गेली होती. आणि सुताचे भाव चढले, कापडाला गिऱ्हाईक नाही, म्हणून मालकांनी लूम बंद ठेवले होते. यूपीकडचे कारागीर ट्रंका उचलून गावाला गेले आणि गल्ली रिकामी झाली. नारपोलीत एवढे कावळे आहेत हे आम्हाला त्या उन्हाळ्यात कळलं. लांबून कशेळीच्या रस्त्यावरचे ट्रकचे हॉर्न ऐकू यायचे, कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या, नळाखाली भरणारी बादली. हळू बोलायची सवय कुणालाच नव्हती, त्यामुळे कुणाच्या घरात कशावरून भांडण चाललंय ते सगळ्यांना समजायचं.

आमच्या घरात भांडण नव्हतं. बोलणंच नव्हतं.

पप्पांनी जन्मभर लूम चालवले आणि लूमने त्यांचे कान खाल्ले. कारखान्यात ओरडून उपयोग नसतो. कानाला तोंड लावून ओरडलं तरी शेजारच्या मागावर इकडून तिकडे धावणाऱ्या धोट्याचा दणका त्यापेक्षा मोठा. म्हणून तिथली माणसं आवाज काढतच नाहीत. तोंड नीट उघडून, ओठ स्पष्ट हलवून बोलतात, जोडीला थोडे हात. धागा तुटला, चहा आला, मालक येतोय, सगळं असंच. आई त्याच कारखान्यात कांडी भरायची, म्हणजे धोट्यात बसवायच्या नळीवर सूत गुंडाळायची. ती एका टोकाला, पप्पा दुसऱ्या टोकाला आणि मधे तो सगळा कल्लोळ. आई म्हणायची, "तुझ्या पप्पांशी मी कारखान्यात जेवढी बोलले तेवढी घरात न्हाय बोलले." पप्पांचे कान पुरते गेले तेव्हा आमच्याकडे फारसं काही बदललंच नाही. आई ओठांनी बोलायची, ते मोठ्या आवाजात उत्तर द्यायचे. शेजाऱ्यांना नेहमी अर्धंच संभाषण ऐकू यायचं.

या बोलीत एक फसगत आहे. बोलणाऱ्याला वाटतं, आवाज नाही म्हणजे कुणाला कळलं नाही. मी लहान असताना आई-पप्पा माझ्या देखत अशाच गुप्त गोष्टी करायचे. लाडू पिठाच्या डब्यात लपवलेत हे आईने पप्पांना असंच सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत डब्यात नुसतं पीठ उरलं. तरी तिची सवय गेली नाही. एका बुद्धपौर्णिमेला विहारात सगळे ध्यानाला बसले होते, पुरुष एका बाजूला, बायका एका बाजूला. डोळे मिटायचे असतात. आईने पप्पांकडे बघून ओठांनी सांगितलं, "खिरीत दूधच न्हाय." आता त्या हॉलमधली निम्मी माणसं लूमवरची, आणि डोळे कुणीच मिटलेले नव्हते. पप्पा हसायच्या आधी त्यांच्या मागची रांग हसली. जिने खीर केली होती ती बाई पुढची पौर्णिमा येईपर्यंत आईशी बोलली नाही.

त्या थंडीत हॉस्पिटलात आईने तीच चूक शेवटची केली. मी खाली वाकून तिची पिशवी आवरत होते. तिला वाटलं, माझं लक्ष नाही. पलंगाच्या पायथ्याशी उभ्या असलेल्या पप्पांना ती म्हणाली, "पोरीला अडकवून ठेवू नका. नर्सिंगला पाठवा." पप्पांनी मान हलवली. मी पिशवीची चेन लावली आणि डबा धुवायला बाहेर गेले.

आता ते वाक्य आमच्या दोघांच्या मधे बसलेलं होतं. नर्सिंगचं कॉलेज नाशिकला, राहायचं होस्टेलवर. बाकीच्या मुली रविवारी घरी फोन करतात. मी कुणाला करणार होते? पप्पांच्या हातात फोन म्हणजे नुसतं खेळणं. कारखाना बंद, त्यांच्या ओळखीचे कारागीर गावाला, नातेवाईक टेमघरला, तेही आले की कानाशी येऊन ओरडायचे आणि पप्पा नुसते हसायचे. शेजारी राहणारी चाची प्रेमळ होती, तीही पूर्वी आईबरोबर कांडी भरायची, पण पप्पांसमोर आली की अदबीने ओढणी तोंडावर घ्यायची. ओढणीआडचे ओठ कसे वाचणार? म्हणजे उरले मी. मी गेले तर या माणसाशी कुणी बोलणार नव्हतं. हे मला माहीत होतं, पप्पांनाही माहीत होतं, आणि आम्ही दोघंही त्याबद्दल चकार शब्द काढत नव्हतो. सकाळी ते "चहा झाला?" विचारायचे, रात्री "दार लावलं?" विचारायचे. मधला दिवस आईशिवाय कसा घालवायचा हे दोघांनाही येत नव्हतं. इतकी एकटी मी नंतर कधी झाले नाही, आणि नंतर तर मी खरोखरच एकटी राहिले आहे.

विहारात एक काचेचं कपाट होतं, तीच आमची लायब्ररी. त्यातलं सगळं वाचून झालं होतं. उरलं होतं कव्हर फाटलेलं एक जाडजूड पुस्तक, कुणा परदेशी चॅम्पियन बॉक्सरचं चरित्र. मला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. पण दुपार मोठी होती, म्हणून आणलं.

दुपारी पप्पा भिंतीला टेकून बसायचे, हात मांडीवर. जन्मभर लूम चालवलेल्या माणसाचे रिकामे हात बघवत नाहीत. त्या दिवशी ते एकदम मोठ्याने म्हणाले, "काय वाचतेस?" मी पुस्तक पुढे केलं. त्यांनी पान लांब धरलं, जवळ धरलं, डोळे बारीक केले आणि परत दिलं.

"बारीक अक्षर हाय. तूच सांग."

मग मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसले आणि ओठांनी वाचायला लागले.

तो बॉक्सर एका बंदरावरच्या गावातला. बाप बोटीवर गेला तो परत आलाच नाही. आई एका लॉन्ड्रीत इस्त्री करायची. मागच्या अंगणात दोऱ्यांवर चादरी वाळत असायच्या आणि हा पोरगा त्या ओल्या चादरींमधून डोकं वाकवत, अंगाला एकही न लागू देता पळायचा. पुढे जगात त्याचं नाव झालं ते डोकं चुकवण्याबद्दलच. पण तेव्हा बरोबर खेळायला कुणी नव्हतं म्हणून तो चादरींशी खेळत होता, इतकंच. एका पोत्यात भुसा भरून त्याने ते आढ्याला टांगलं होतं. त्याला ठोसे मारून दमला की त्याच पोत्याला मिठी मारून उभा राहायचा. ते वाक्य वाचताना मी थांबले. पप्पा म्हणाले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, पान चिकटलंय.

त्या चॅम्पियनचं नाव भलतंच लांबलचक, ओठांवर मावेना. आणि प, ब, म ओठांवर सारखेच दिसतात, त्यामुळे बॉक्सर म्हटलं तरी पप्पांना नीट कळेना. म्हणून मूठ वर केली की बॉक्सर, आणि हात पुढे-मागे सरकवला की त्याची इस्त्री करणारी आई, असं ठरलं. आमच्या घरात त्याला नाव नव्हतंच. पप्पांचा आवाज मात्र गल्लीभर जायचा. "मग? मारला का त्याला?" "अरे, डावा हात वर घे ना!" एका दुपारी चाची धावत दारात आली.

"बिटिया, तेरे पप्पा किससे लड़ रहे हैं?"

"बॉक्सर से," मी म्हटलं.

तिने आत बघितलं. खोलीत आम्ही दोघंच, एकमेकांसमोर बसलेले, आणि पप्पांची मूठ हवेत. ती हसत खाली बसली आणि मग रोजच उंबऱ्याशी येऊन बसायला लागली, तांदूळ निवडत.

पहिल्या लढतीत त्या पोराचा दात पडला. आईला कळू नये म्हणून घरी आल्यावर त्याने तोंडच उघडलं नाही. आई म्हणाली, आज मुका का झालास? मी हे तोंड घट्ट मिटून, गाल फुगवून दाखवलं आणि पप्पा इतके हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. थंडीनंतर पहिल्यांदा असे मनापासून हसले. आणि हसता हसता त्यांनी कांडीच्या मशीनकडे बघावं तसं खोलीच्या दुसऱ्या टोकाला बघितलं. काही मजेशीर झालं की आईकडे बघायचं, ही त्यांची सवय. तिकडे स्टोव्ह होता. ते हळूहळू हसायचे थांबले.

मोठ्या माणसांचं लहानपण आपण शेवट माहीत असताना वाचतो. त्याची भूक, त्याचं पोतं, त्याचा पडलेला दात, सगळं आपल्याला गोड लागतं, कारण पुढे काय होणार ते आपल्याला ठाऊक असतं. त्या पोराला काय ठाऊक होतं? संध्याकाळी पोत्याला मिठी मारून उभं राहताना त्याला कुणी सांगितलं नव्हतं की याचं पुढे पुस्तक होणार आहे. तो फक्त एकटा होता. तो पुढे चॅम्पियन कसा झाला, कुणाला हरवलं, तेही मी वाचलं असणार. त्यातलं आज काहीच आठवत नाही. त्याचं लहानपण मात्र मला माझ्या लहानपणासारखं पाठ आहे.

कधी कधी आमच्या वॉर्डात गळ्यात नळी घातलेला पेशंट येतो. त्याला बोलायचं असतं पण आवाज निघत नाही. नवीन मुली गोंधळतात, पाटी-पेन आणायला धावतात. मी पलंगापाशी उभी राहते आणि त्याच्या तोंडाकडे बघते. पाणी. उशी वर. बायकोला आत पाठवा. पेशंट चकित होतो. मला त्या क्षणी बरं वाटतं आणि ड्युटी संपवून घरी जाताना वाईट वाटतं, कारण तो बरा होतो, नळी निघते, आणि तो बाकीच्या जगासारखा आवाजात बोलायला लागतो. घरी टीव्हीचा आवाज बंद करून मी बातम्या बघते. बातम्या सांगणाऱ्या बाईचे ओठ छान स्पष्ट असतात, पण ती माझ्याशी बोलत नसते.

त्या उन्हाळ्यात बुद्धपौर्णिमा आली. आईशिवाय पहिली. पप्पा पांढरा शर्ट घालून पुरुषांच्या बाजूला बसले, मी बायकांच्या. वंदना झाली, ध्यान सुरू झालं. मी डोळे मिटले नाहीत, आमच्या घरात ती पद्धतच नव्हती. बघते तर पप्पा आमच्या बाजूला बघत होते, आई बसायची त्या खांबाजवळच्या जागेकडे. तिथे कुणीतरी दुसरीच बाई बसली होती. पप्पा त्या जागेकडे बघत राहिले, कुणीतरी आता बोलेल अशा चेहऱ्याने. मला ते सहन झालं नाही. त्यांची नजर माझ्याकडे वळली तशी मी म्हटलं, "खिरीत दूधच न्हाय."

पप्पांनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. हसत होते की काय, मला त्या बाजूने दिसलं नाही. या खेपेला मागची रांग हसली नाही. सगळ्यांनी ओठ वाचले होते, आणि सगळ्यांनी पटापट डोळे मिटून घेतले.

पुस्तकात पुढे एक पान आलं. शहरातून एक वस्ताद येतो आणि पोराला आपल्याबरोबर न्यायचं म्हणतो. त्याची आई त्याचे होते नव्हते ते शर्ट इस्त्री करते, मग घड्या मोडून पुन्हा करते. धक्क्यावर बोट उभी असते. पोरगा रडवेला होतो तेव्हा ती त्याला दटावते, "मागं बघशील तर ठोसा खाशील." तो जातो. ती घरी येते, सवयीने दोघांचा स्वयंपाक करते, आणि समोर बसून त्याचं ताट निवताना बघते.

माझे डोळे पुढे धावत होते, ओठ उघडत नव्हते. पप्पा वाट बघत होते. मी पान उलटलं आणि म्हटलं, "मग तो शहरात आला."

"एकदम?"

"हो."

"आणि आय?"

मी हात पुढे-मागे सरकवला. "आहे ना. इस्त्री करतेय."

पप्पांनी माझ्या तोंडाकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मग म्हणाले, "वाच पुढं."

निकाल लागला त्या दिवशी ते पेढे घेऊन आले. एक पेढा आईच्या फोटोपुढे ठेवला आणि माझ्याकडे पाठ करून म्हणाले, "नर्सिंगला जायचं. तुझी आय बोलली होती मला. तुला ठाऊक न्हाय." पाठमोऱ्या माणसाला मी काय उत्तर देणार? पुढे जाऊन त्यांच्यासमोर उभी राहिले.

"ठाऊक आहे."

"कसं?"

"मी बघत होते."

ते आईच्या फोटोकडे बघून म्हणाले, "कितींदा सांगितलं हिला, पोरीसमोर बोलू नको!" आम्ही दोघं हसलो, आणि हसण्याचं रडणं कधी झालं ते कळलं नाही. रडून झाल्यावर मी विचारलं, "तुमच्याशी कोण बोलेल?" माझी हनुवटी थरथरत होती, त्यांना ओठ लागेनात. मला पुन्हा म्हणावं लागलं.

"लूम चालू होतील," पप्पा म्हणाले. "कारखान्यात सगळे बोलतात."

लूम खरंच चालू झाले. गल्लीत पुन्हा खटाखट सुरू झाली, कावळे पुन्हा ऐकू येईनासे झाले, आणि माझी ट्रंक भरली.

भिवंडीच्या एसटी स्टँडवर पप्पा मला सोडायला आले. खिडकीची काच अडकलेली, सरकेना. इंजिन घरघरत होतं. बाकीच्या मुलामुलींचे आईबाप काचेवर थापा मारून ओरडत होते, पोहोचल्यावर फोन कर, डबा खा, आणि आतल्यांना त्यातलं काही ऐकू येत नव्हतं. सगळ्या स्टँडवर फक्त आम्ही दोघं आरामात बोलत होतो. पप्पांनीसुद्धा आवाज काढला नाही. खांबाला टेकून ते नुसत्या ओठांनी म्हणाले, "मागं बघशील तर ठोसा खाशील."

ते पान मी त्यांना वाचून दाखवलंच नव्हतं. म्हणजे मी नळावर गेले की ते फळीवरचं पुस्तक काढत होते. बारीक अक्षर त्यांना दिसत होतं, उन्हाळाभर दिसत होतं. त्यांना पुस्तक नकोच होतं, माझं बोलणं हवं होतं. आणि ते ताट निवत जाणारं पानही त्यांनी वाचलेलं होतं, वाचून मला स्टँडवर आणलं होतं.

बस हलली. मी समोर बघितलं. फाटकापर्यंत बघितलं. मग राहवलं नाही आणि मागच्या काचेतून बघितलंच. पप्पा खांब सोडून पुढे आले होते आणि त्यांचे ओठ हलत होते, काहीतरी बरंच सांगत होते. पण तेवढ्या लांबून ओठ वाचता येत नाहीत.

होस्टेलवरून मी रविवारी चाचीला फोन करायचे. चाची पप्पांसमोर उभी राहून माझं म्हणणं त्यांना सांगायची. त्यासाठी तिने तोंडावरची ओढणी बाजूला करायला सुरुवात केली, हे मला पप्पांच्याच मोठ्या आवाजावरून कळलं, ते मागून ओरडायचे, "सांग तिला, चाची आता दिसते!" फोनवर मला त्यांचा आवाज ऐकू यायचा आणि माझं बोलणं दुसऱ्याच्या तोंडून त्यांच्यापर्यंत जायचं. मी बोलत असलेली त्यांना दिसायचे नाही. सगळ्यांच्या खिशात चेहरे दाखवणारे फोन आले तेव्हा पप्पा नव्हते. पहिला व्हिडिओ कॉल मला एका मैत्रिणीने केला, आवाज येत नव्हता म्हणून ती वैतागली. मी म्हटलं, असू दे, बोल तू. तिला वाटलं मी थट्टा करते.

त्या पहिल्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत घरी गेले, तेव्हा पप्पांनी दोघांचा स्वयंपाक करून ठेवला होता. ताटं वाढून झाल्यावर मी त्यांच्यासमोर बसले आणि विचारलं, "त्या दिवशी बस निघाल्यावर काय बोलत होता?"

पप्पांनी घास खाली ठेवला.

"म्हणजे तू मागं बघितलंस," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हलकेच एक ठोसा मारला.

काय बोलत होते ते शेवटपर्यंत सांगितलं नाही.